चौकटीवरची खूण

चिमे,

दुपारी पोलीस आले आणि दादाला घेऊन गेले. त्याच्या गोळ्या आणि स्वेटर द्यायला मी ठाण्यावर जातोय. आई कामावरून आली की तूच सांग, मला जमणार नाही.

तू शिकवलं होतंस तसंच केलं. दार बंद ठेवून आतूनच वॉरंट मागितलं. साहेब म्हणाले, नाहीये, आणि लागतही नाही. मी म्हटलं, माझी मुलगी वकिलांकडे काम करते, वॉरंटशिवाय दार उघडायचं नसतं. ते हसले आणि चौकटीत पहार घातली.

उघडायचं नाही म्हणजे किती वेळ, ते तू सांगितलं नव्हतंस. ती चौकट मी माझ्या हाताने रंधा मारून बसवलीय. लाकूड तडकायच्या आधी कसं कुरकुरतं, ते सुताराला कळतं. ऐकवेना, आणि मी कडी काढली. मागून दादा ‘बाबा, नको’ म्हणत होता.

त्यांनी लिहून घेतलं की मी स्वखुशीने दार उघडलं. मी सही केली.

तुझे वकीलसाहेब विचारतील, जबरदस्तीची काही खूण आहे का. होती. पहारीने चौकट बोटभर चेपली होती. ते गेल्यावर हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी तिथे भुसा कालवून लांबी भरली, घासली आणि पॉलिश मारलं. नंतर डोक्यात प्रकाश पडला.

आता बोट फिरवलंस तरी कळणार नाही.

बाबा