सुई आधीच उचल

नंदुरबार,
ता. ११ फेब्रुवारी १९२३

चि. पितांबर यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे ठीक. मिरचीचा ठसका गावभर आहे, गळा जपून असते. तुझं पत्र पोचलं. निर्मलाचं लग्न वैशाखात ठरलं, त्याआधी तू ये, पोरीला खरं सांगून टाकू, असं लिहिलंस. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. ते पत्र किती वेळा वाचलं, सांगत नाही.

पण मी येत नाही. तब्येत बरी नसते, असं समज.

खोटं कशाला लिहू? इथे नाटक कंपनी उतरली आहे. तिच्यात बायकांची कामं करणारा दोधू महिनाभर माझ्याकडे येत होता. "बाई, गाणारणीचं काम आहे, बैठक शिकवा." मी हुरळले. तंबोरा कसा धरायचा, वरचा सा घेण्याआधी विडा गालात कसा सारायचा, सारं मनापासून शिकवलं. जेवूही घातलं मेल्याला.

शनिवारी पदर ओढून खेळाला बसले. समोर मीच होते. तान्ही मुलगी टाकून उस्तादामागे पळालेली, घरं बुडवणारी. विधवा झाल्यावर गाणं शिकायला इंदूरला गेले, निर्मलाला तुझ्या बायकोच्या, धनुबाईच्या ओटीत घातलं, त्याचं लोकांनी हे केलं.

पुढच्याच रांगेत तुझी धनुबाई आणि निर्मला. लग्नाची लुगडी घ्यायला आल्या असतील. निर्मला पोट धरून हसत होती. मग म्हणाली, "माय, अशी बाई खरंच ऱ्हास का वं?"

"ऱ्हास ना. दुसराना घरनं वाटोळं करस." असते म्हणे अशी, दुसऱ्याच्या घराचं वाटोळं करते.

धनुबाईवर रागावू नकोस. ती बिचारी दुसरं काय सांगणार?

पितांबर, मला तिथेच मरावंसं वाटलं. आता मी तिच्यासमोर बसले तरी तिला दोधूच दिसणार. माझं सारं त्याला देऊन बसले रे.

आहेर म्हणून माझी एक तबकडी पाठवते. तुझ्याकडे फोनो आहेच. तिला ऐकव. कोण गातं विचारलं, तर माहीत नाही म्हण. मधला नावाचा कागद मी खरवडून काढला आहे. पण गाणं संपल्यावर, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे, मी मोठ्याने माझं नाव सांगितलं आहे. ते खरवडता येत नाही. तेवढी सुई आधीच उचल.

कळावे. वाचून हे लगेच जाळ. तरी खाली सही करत नाही. निर्मलाला वाचता येतं.

तुझी
थोरली