केबिनमधला पंखा

सोमवार, ४ मार्च

पीयूसीला एकवीस गाड्या. चार नापास. हिची खुर्ची रिकामीच. आकडे मीच कॉम्प्युटरवर चढवले — एका बोटाने!

टॅक्सीवाला म्हणतो, "शेठ, माझी गाडी धूर सोडत नाही हो, सुस्कारे सोडते." हसलो. सवयीने. धूर-मीटरची नळी सायलेन्सरमध्ये घातली, पेडल तळापर्यंत दाबायला लावलं. मीटरवर आकडा उमटायच्या आधीच मी बोलून गेलो — नापास, नोझल गळतंय. तसंच निघालं. उगाच नाही लोक मला कानसेन म्हणत. दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसत होतो तेव्हापासून जे शिकलो ते कानाने.

मंगळवार, ५

हॉस्पिटल. डॉक्टरने हिच्या छातीची फिल्म खिडकीसमोर धरली. "सिगारेट किती वर्षं ओढता?"

ही म्हणाली, "गाड्या सोडतात, मी ओढते."

डॉक्टर हसला नाही. फुप्फुसं निम्मीच उरलीत म्हणे. सोमवारी घरी न्या, पण ऑक्सिजन आता कायमचा. पुढचं काही सांगता येत नाही.

मला काहीच वाटलं नाही. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचा पट्टा चिरकत होता. ते मात्र नीट ऐकू आलं.

बुधवार, ६

सतरा गाड्या. जेवलो बहुतेक.

गुरुवार, ७

कॉलेजातली एक संशोधक मुलगी आली. डिझेलच्या काजळीवर अभ्यास करते. तिच्याकडे कण मोजणारं यंत्र. नीट निगा राखलेली एक गाडी लावली. माझा मीटर जवळजवळ शून्य — मी खूश. तिच्या यंत्रावरचे आकडे चढायचे थांबेनात!

"काका, तुमचा मीटर धुराचा काळेपणा बघतो. बारीक कण त्याला कळतच नाहीत. आणि तेच छातीत खोल जातात."

मग सहज म्हणून यंत्र केबिनमध्ये हिच्या टेबलावर ठेवलं. बाहेर रस्त्यावर घनसेंटीमीटरला अठ्ठावीस हजार कण होते. इथे दोन लाखांच्या वर.

"इथे कोण बसतं?"

"आमची ही. बसायची."

"किती वर्षं?"

"अठरा."

तिने वर भिंतीकडे बघितलं. हवा बाहेर फेकायचा पंखा आहे तिथे. "बिघडलाय?"

"छे, ठणठणीत आहे."

"मग बंद का?"

पंखा घरघरायला लागला की मला इंजिन ऐकू येत नाही. म्हणून बंद.

शुक्रवार, ८

आठवलं. पहिल्याच वर्षी ही म्हणाली होती, "अहो, पंखा लावू का? घसा खवखवतोय." मी म्हणालो, "लाव की, आणि माझ्या कानात बोळेही घाल!" गिऱ्हाईकं हसली. तीही हसली. परत कधी विचारलं नाही.

मी विसरूनही गेलो होतो.

शनिवार, ९

पंखा दिवसभर चालू. दोन गाड्यांच्या बाबतीत माझा कान चुकला. मीटर चुकला नाही. म्हणजे कानाची गरजच नव्हती.

सोमवार, ११

हिला घरी आणलं. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. घरघर तशीच, पंख्यासारखी. ही म्हणाली, "आवाजाचा त्रास होत असेल तर बाहेरच्या खोलीत बसा हो."

बसून राहिलो. तिथेच.

मंगळवार, १२

सगळं सांगितलं तिला. मुलगी, यंत्र, दोन लाख, पंखा. डोळे मिटून ऐकत होती.

मग म्हणाली, "तुम्ही चहाला गेलात की मी लावायचे. दाराशी चप्पल वाजली की बंद. पाती बराच वेळ फिरत राहायची. रोज वाटायचं — एवढे तिखट कान, आज तरी ऐकाल."