शेवटचा फोटो खरा

३ नोव्हेंबर, सोमवार

“अगं, पण तू तिथं नेमकं काम काय करतेस?” आईनं आज फोनवर विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. नव्या वहीची सुरुवात हे कबूल करूनच करते. कॅमेरा तू चालवत नाहीस, रंगरंगोटी तू करत नाहीस, मग तुला घेतलंय कशाला, असं तिचं म्हणणं. ती परभणीला अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांच्या ताटात खिचडी पडली की तिचं काम दिसतं. माझं काम नीट झालं तर ते कुणाला दिसणारच नाही. आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि कामाचं नाव सांगता येत नाही!

इथं तरी लिहून ठेवते. आजपासून मी टीव्हीवरच्या एका गुन्हे मालिकेत कंटिन्युइटी असिस्टंट आहे. सध्या ख्रिसमसचा भाग शूट होतोय. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या दिवशी शूट होतो; पडद्यावर मात्र तो सलग दिसायला हवा. म्हणून प्रत्येक शॉट संपला की मी टॅबलेटवर खोलीचा फोटो काढायचा आणि पुढच्या शॉटआधी खोली त्या फोटोबरहुकूम लावायची. कप टेबलाच्या कडेला असेल तर कडेलाच. मेणबत्ती अर्धी जळली असेल तर अर्धीच.

माझी वरिष्ठ जोसेलिन मूळची माँट्रियलची. वाक्याच्या शेवटी फ्रेंचमध्ये ‘व्वालां’ म्हणते, म्हणजे ‘हे बघ, झालं’, आणि चष्म्यावरून बघते. तिनं सकाळीच नियम सांगितला. फोटोशी भांडायचं नाही. फोटोत आणि खोलीत फरक दिसला तर चूक खोलीची. फोटो दोन असले तर शेवटचा खरा. मला हे फार आवडलं. पुरावा आधी, मत नंतर. आम्हाला लहानपणापासून शिकवलंय तेच.

शूटिंगचं घर मी राहते त्या मिसिसागातच आहे, लेकशोर रस्त्याजवळ. मालक कुठंतरी गेलेत, घर शूटसाठी भाड्यानं घेतलंय. अंगणात कागदाचा बर्फ पसरलाय, आत छताला टेकणारं झाड, खाली चकचकीत कागदात बांधलेले रिकामे खोके. सकाळी बुद्धभूषणदादांनी गाडीतून सोडलं. ते आपल्या आंबेडकर असोसिएशनचे. मी आले तेव्हापासून थोरल्या भावासारखे पाठीशी आहेत. त्यांनी जुने विंटर बूटही दिले. दोन मापं मोठे आहेत. मी खूप खूश आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

या भागात ख्रिसमसच्या सकाळी घरातले लोक खाली येतात, तर बेसमेंटमधली भाडेकरू मुलगी झाडाखाली मरून पडलेली. प्रेताच्या कामाला ठरवलेली मुलगी ऐनवेळी आली नाही. लांब काळ्या केसांचं कुणी आहे का, असं विचारत सगळे फिरायला लागले आणि मी केयाचं नाव सुचवलं.

केया माझी रूममेट. नाशिकची, अजून कॉलेजात आहे, ग्रोसरीत पार्टटाइम करते. ती धावतच आली. लाल स्वेटर घालून झाडाखाली पडली आणि दुसऱ्या शॉटला खरंच झोपली. घोरायलाही लागली. डिटेक्टिव्हचं काम करणारे नट हसून हसून वाक्यं विसरले. बसमध्ये मला म्हणते, “दीपाताई, ग्रोसरीत उभं राहून जेवढे मिळतात, त्याच्या दुप्पट झोपून! आईला सांगितलं तर ती माझं मेल्याचं सोंग ऐकूनच आजारी पडेल. तूच माझी दृष्ट काढ की मीठमोहऱ्यांनी.”

ती अर्धी चेष्टाच करत होती. मी मात्र बस उतरेपर्यंत तिला शिकवलं, की आपण असल्या गोष्टी मानायच्या नाहीत, शिकलेल्या मुलींनी तर नाहीच नाही. तिनं हात जोडले. “बरं बाई, नाही मानत. निदान मॅगी तरी करशील?”

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक चूक पकडली. शेकोटीच्या फळीवर मोठे लाल मोजे टांगलेत, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे. सांताक्लॉज त्यात खाऊ टाकतो म्हणे. मालिकेतलं कुटुंब चौघांचं, म्हणून मोजे चार. पण कालच्या फोटोत पाच होते.

सामान सांभाळणारा माणूस म्हणाला, पाचवा मोजा आम्ही आणलेलाच नाही. मी फोटो दाखवला. मग व्हॅनमधून एक कोरा मोजा आणून त्यानं टांगला. जोसेलिननं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

काल फोटो काढताना मी मोजे पाहिले होते का? आठवत नाही. म्हणून तर फोटो काढायचा.

१० नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारी आणखी एक गोष्ट झाली होती. लिहावीशी वाटली नव्हती.

फोटोत केयाच्या डाव्या मनगटावर निळाजांभळा वळ होता. मेकअपवाली वैतागली, आपण असा वळ काढलाच नाही म्हणाली. पण फोटो आहे म्हटल्यावर तिनं रंगवला.

आज केया आली ती मनगट धरून. शनिवारी ग्रोसरीत दुधाचा क्रेट हातावर पडला. डावा हात. मेकअपवालीला काही करावं लागलं नाही. ती हसत म्हणाली, किती समजूतदार प्रेत आहे!

योगायोग असतो. मनगटाला लागणं काही विशेष नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मी पडताळा घ्यायचं ठरवलं. शॉट संपल्यावर फोटो काढला आणि तिथून हललेच नाही. केया झाडाखाली पडून होती, स्वेटर कोरडा, केस कोरडे. मी डोळ्यांनी पाहिलं, हातानं चाचपलं. मग टॅबलेट पाहिला.

फोटोत तिचे केस ओले होते. कपाळाला चिकटलेले. स्वेटरवर बर्फाचे कण, कागदाचे नव्हे, वितळणारे.

मी फोटो पुसून टाकला. पण टॅबलेटवरचं सगळं त्याच क्षणी जोसेलिनकडेही जातं. दुपारी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, पुरावा कधीपासून पुसायला लागलीस? आणि स्वतः फवारा घेऊन केयाचे केस ओले केले. व्वालां.

केयाला सांगितलं नाही. काय सांगणार?

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे खरा बर्फ पडला. सेटवर आधी अंगणातला खरा बर्फ फावड्यानं काढला, मग कागदाचा पसरला, कारण फोटोत तो होता. एरवी हसले असते.

केया बसस्टॉपवर घसरून पडली. कुणीतरी उठवेपर्यंत तिथंच पडून होती. सेटवर आली तेव्हा केस ओले, कपाळाला चिकटलेले. अंगात ताप.

मी विचारलं, घरी जातेस का? म्हणाली, “आता शेवटचेच दिवस राहिलेत ताई, झोपायचं तर आहे.”

कोरा मोजा आता कोरा नाही. पांढऱ्या दोऱ्यानं त्यावर नाव भरलंय. केया. देवनागरीत. या सेटवर देवनागरी येणाऱ्या आम्ही दोघीच —

कुणीच भरलेलं नाही. पण फोटोत आहे, म्हणून राहू दिलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा फोटो. केयाच्या गळ्याभोवती खोक्याची सोनेरी रिबन. गच्च. ओठ निळे. डोळे अर्धे उघडे, आणि त्या डोळ्यांत —

जोसेलिननं पाहिलं. उद्या, शेवटच्या दिवशी, हाच शॉट. रिबन लागेल, एवढंच बोलली. आवाज नेहमीसारखाच. ती वाईट नाही. ती तिचं काम करतेय. मीही आठवडाभर तेच केलं. वळ मी दाखवला. मोजा मी टांगायला लावला.

संध्याकाळी दादांना फोन केला, सगळं सांगितलं. म्हणाले, कुणीतरी तुझ्या टॅबलेटशी खेळतंय. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, “एवढी काय घाबरतेस पोरी? फोटोच आहे ना? दुसरा काढ.”

दुसरा काढ.

शेवटचा फोटो खरा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

केयाला म्हटलं, आज येऊ नकोस. ऐकेना. सही केलीय, शब्द दिलाय. पाया पडले तिच्या. ती घाबरून मागे सरली, मग हसली. “ताई, तूच म्हणालीस ना, असल्या गोष्टी मानायच्या नाहीत?”

मी बूट चढवून निघाले.

सेटवर हजर व्हायचा तिचा कॉल दुपारचा आहे. माझा सकाळचा.

१४ नोव्हेंबर. जेवणाची सुट्टी

सगळे बाहेर तंबूत जेवतायत. मी जिन्यावर बसून लिहितेय.

झालं. करून टाकलं.

केयाच्या लाल स्वेटरसारखा आणखी एक होता, तो घातला. टॅबलेट शिडीवर ठेवला, टायमर लावला, केयाच्या जागी आडवी झाले. रिबन दूर फेकली. डोळे टक्क उघडे ठेवले आणि हसले. दात दिसतील असं. जिवंत माणूस दिसतं तसं. आता शेवटचा फोटो जिवंत मुलीचा. जोसेलिनकडे गेलाही असेल.

केयाला मेसेज टाकला, तुझी जागा मी घेतलीय, तू येऊ नकोस. तिचं उत्तर आलं: ओके ताई!! ताप उतरला ग. मॅगी करून ठेवते.

ताप उतरला.

मग फोटो पाहिला.

मी हसत नाहीये त्यात. रिबन आहे.

पळता येईल. दार उघडंच आहे, दादांचे बूट दारात आहेत. पण मी गेले तर सेटवरचे लोक हा फोटो बाजूला टाकतील, आधीचा उघडतील, केयाला फोन करतील. ती येईल. शब्द दिलाय ना तिनं.

म्हणून बसलेय.

फळीवरचा मोजा इथून दिसतो. नाव बदललंय. माझं आहे, आई लिहायची तसं, ‘पा’चा काना लांब ओढलेला —

आई, तू विचारलं होतंस. सांगते. मी सगळं फोटोत असतं तसं ठेवते. एवढंच काम. नीट झालं तर कुणाला दिसत ना

जोसेलिन दारात आलीय. चष्म्यावरून बघतेय, एकदा टॅबलेटकडे, एकदा माझ्याकडे. फरक शोधतेय. हातात सोनेरी

केया घरी आहे. केया घ