हो मीच म्हणाले

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. त्या रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जागीच होते, तुझं बोलणं मला ऐकू येत होतं. डॉक्टर उत्कर्षा मॅडमनी संघप्रियावर प्रयोग केला, मी त्यांना सोडणार नाही, असं तू आईला म्हणत होतास. आई नुसती रडत राहिली. तू तिकडे नागपुरात, तुला सगळं कळलेलं नाही. म्हणून सांगते.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे या मज्जातंतूंच्या आजाराचं नाव कानावर पडलं तेव्हा मी सोलापूर-मंगळवेढा गाडीवर कंडक्टर होते. आधी एक डोळा अंधुक झाला, मग पाय बधिर. बेगमपूरला उतरताना पाय जमिनीला टेकला की नाही तेच कळेना. ज्या म्हातारीला मी नेहमी हात देऊन चढवायची, तिनंच मला धरून खाली घेतलं. त्या दिवशी डेपोत बसून लई रडले.

औषधं दोन होती. एक सौम्य, धोका कमी. पण माझ्या आजाराचा जोर बघता त्यानं असे झटके थांबतील याची खात्री नव्हती. दुसरं जोरकस. पण माझ्या रक्तात एका विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. तो पुष्कळांच्या अंगात निपचित असतो, या औषधानं एखाद्याच्या मेंदूत जागा होतो. मॅडमनी काही लपवलं नाही. वाचा जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो, हे स्पष्ट सांगून त्यांनी आम्हाला विचार करायला घरी पाठवलं. पुढच्या वेळी आईनं विचारलं, "मॅडम, तुमची लेक असती तर काय दिलं असतं?"

मॅडम म्हणाल्या, "मी तिला विचारलं असतं, तुला काय हवंय."

आणि त्यांनी ते मला विचारलं. मी म्हणाले, मला चालत्या गाडीत उभं राहायचंय. मग जोरकस औषध घ्यावं लागेल, धोक्यासकट चालेल का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले.

दादा, मी राहिले की. दांडी न धरता मंगळवेढ्यापर्यंत तिकिटं दिली. हुरड्याच्या दिवसांत बायका माझ्या हातावर मूठमूठ हुरडा ठेवायच्या. धोका वाढत चाललाय, थांबायचं का, असं मॅडम प्रत्येक तपासणीला विचारायच्या. अजून थोडं, असं मी म्हणायची.

मग एकदा समोरच्या बाईला कुठं जायचंय ते कळत होतं, पण गावाचं नाव तोंडात येईना. गाडीभर माणसं माझ्याकडे बघत राहिली. एमआरआयमध्ये मेंदूत डाग दिसले आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत तोच विषाणू निघाला. औषध लगेच बंद केलं. ते सांगताना मॅडमना पुढं बोलवेना. त्यांना पाणी दे, असं मीच आईला म्हणाले.

हे पत्र कित्येक दिवस चाललंय. शब्द अडला की आईला खुणेनं विचारते. रोज थोडे शब्द कमी होतायत. तू रविवारी येशील तोवर हे मला तोंडानं सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतेय. मला कुणी फसवलं नाही. मॅडमनी आणि मी मिळून ठरवलं, आणि हो मी म्हणाले. मॅडमशी भांडू नकोस. आलास की आधी माझ्याजवळ बस. मी तुला हाक मारायला बघीन. वेळ लागेल. मधेच शब्द पुरवू नकोस, मला म्हणू दे.

तुझीच,
संघप्रिया