फाईलमधलं सातवं पान

६ जानेवारी, मंगळवार
टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर एकच काम. लॅब टेक्निशियनच्या क्लासचे सर विषाणूंचा तक्ता देऊन गेले. डावीकडे डीएनए, उजवीकडे आरएनए, प्रत्येकापुढे रोग आणि तो पसरतो कसा. डावीकडे देवी, कांजिण्या, चामखीळ. उजवीकडे पोलिओ, गोवर, रेबीज, डेंगी, एचआयव्ही, कोरोना. सरांचं अक्षर वाईट, पण लागलं.
हिपॅटायटिस मात्र ए, बी, सी, ई सगळे एकाखाली एक, उजवीकडे. बी डीएनएवाला आहे. घरी येऊन एस.वाय.चं पुस्तक काढून पाहिलं (बी.एस्सी. सोडली, पुस्तकं ठेवली). बरोबर, डावीकडेच. नाव एकच लावतात म्हणून सगळ्यांना एका घरात कोंबलंय.

७ जानेवारी, बुधवार
सरांना दाखवलं. म्हणाले, "अहो, आपण टायपिंग करता की पेपर तपासता?" गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. का हसलो?

८ जानेवारी, गुरुवार
वहिनीला तपासणीला नेलं. दादाला खराडीत ड्यूटी, सुट्टी नाही, म्हणून आई आणि मी. वहिनी सोनोग्राफीला आत होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. फाईलमधलं सातवं पान. हिपॅटायटिस बी, रिअॅक्टिव्ह. म्हणजे लागण आहे.
बाई म्हणाल्या ते इथे उतरवून ठेवतो. बाळ जन्मल्यापासून बारा तासांत दोन इंजेक्शनं. एक लस, एक तयार अँटीबॉडीचं. दुसरं सगळीकडे मिळत नाही, आधी मागवून ठेवावं लागतं. बाळंतपण जिथे होईल तिथे हे पान दाखवायचं. बाळाला लहानपणीच लागण झाली तर बहुतेक जन्मभर राहते. घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासायचं. वहिनीला लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्यायचं. एकत्र जेवल्याने, भांड्यांतून पसरत नाही.
वहिनी बाहेर आली. "काय म्हणाल्या?" आई म्हणाली, "थोडी कावीळ आहे. उतरेल."
मी फाईल पिशवीत टाकली.

११ जानेवारी, रविवार
आईने कुठून तरी कावीळ उतरवण्याची माळ आणली. काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले. डोक्यावर ठेवतात, सैल होत होत खाली आली की कावीळ उतरली. काड्या सुकतात, गाठी सैल होतात. माळ कोणाच्याही डोक्यावरून उतरेल.
वहिनीचे डोळे स्वच्छ पांढरे. आईला म्हटलं, पिवळं आहे कुठे? "आत असते." मग, "तुझ्या वेळी पोटुशी असताना मला झाली होती. हीच माळ. उतरली की नाही? तू धडधाकट आहेस की नाही?" आणि हळूच, वहिनीला ऐकू जाईल इतकंच हळू, "तिच्या माहेरचं पाणीच तसलं."
वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, मंगळसूत्र झालं, माळ झाली. आता मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या."

१६ जानेवारी, शुक्रवार
तक्त्यात बी मी गुपचूप डावीकडे टाकला होता. प्रूफ तपासून आलं, सरांनी लाल शाईने बाण काढून परत उजवीकडे. खाली शेरा: 'आहे तसे ठेवावे.' ठेवलं. छापून गेलं. घरी जेवताना चिडून सांगितलं, अख्खा वर्ग चुकीचं पाठ करणार. आई म्हणाली, "तुला पगार कशाचा मिळतो?"
माळ वहिनीच्या पोटापर्यंत आलीय. आईने पेढे आणले.

१९ जानेवारी, सोमवार
हे लिहायचं नव्हतं.
आई सकाळी फाईल घेऊन दुकानात आली. घरी बोलली नाही, दुकानात आली. "डोहाळजेवण झालं की ती माहेरी लोणीला जाणार. तिचे काका-मामा फाईल उघडून बघणार. ते पान नको. सगळ्या फाईलची नवी कॉपी कर, ते सोडून. तुझ्याकडे मशीन आहेच." मी म्हटलं, बाळाला इंजेक्शन... "माळ उतरली ना? आणि माझी पोळ्यांची सहा घरं आहेत. घरात कावीळ आहे कळलं तर उद्या कोण दारात उभं करेल? मग तुझ्या पगारात भागव."
केली. पानांवर दवाखान्याने आकडे घातलेत. सहानंतर एकदम आठ दिसलं असतं. म्हणून आठचा सात, नऊचा आठ केला. त्याच जाडीचं पेन शोधलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनाने केलं, कारण काम नीट झालेलं मला बरं वाटतं.
मूळ पान फाडलं नाही. पुस्तकात ठेवलंय.

२५ जानेवारी, रविवार
डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आई सगळ्यांत पुढे. वहिनीचे वडील लोणी काळभोरहून गाडी घेऊन आले. म्हणाले, "काळजी करू नका, गावात दवाखाना हाय, समदं हाय." आईने फाईल त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडलीसुद्धा नाही.
तिथले डॉक्टर फाईल बघतील. पानं ओळीने लागलेली दिसली तर रक्त पुन्हा काढतीलच असं नाही. आणि वहिनी आपणहून काय सांगणार? तिला वाटतंय, उतरली.

२८ जानेवारी, बुधवार
कोणाला न सांगता माझं रक्त तपासलं.
रिअॅक्टिव्ह.
दारू नाही, कोणाचं रक्त घेतलेलं नाही, गोंदवलेलं नाही. मुलीचा हातसुद्धा नाही. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणापासून असू शकतं. आईला कधी कावीळ झाली होती?" मी म्हणालो, माहीत नाही.
प्रत्येक शब्द दोनदा तपासणारा मी. हे खोटं एका दमात आलं.

३० जानेवारी, शुक्रवार
दादाला पार्किंगमध्ये गाठून सगळं सांगितलं. पान, कॉपी, माझा रिपोर्ट. बराच वेळ हेल्मेट पुसत राहिला. "मी टेस्ट करणार नाही. कंपनीत कळलं तर?" मग, "आईला यातलं काही बोलू नकोस. तिने आपल्यासाठी काय काय केलंय."
केलंय खरं. वहिनीचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
लोणीला गेलो. खरं सातवं पान आणि माझा रिपोर्ट, एका पिनेत.
वहिनी ओसरीवर मटार सोलत होती. पान वाचलं. मग माझा रिपोर्ट. "तुम्हालापण?" हो. "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"
"पानाचं, अठ्ठावीस दिवस."
"मोजलेत पण." शेंगा बाजूला केल्या. "म्हणजे मी माळ घालून आरशात उतरलीय का बघत होते, तेव्हा तुम्ही समोर बसला होता."
मी खाली सांडलेले दाणे वेचले.
तिच्या वडिलांना समजावून सांगितलं. इंजेक्शन, बारा तास. ते म्हणाले, "आमच्या पोरीला बोल लावत व्हता ना तुमी? पाणी आमचं खराब?" मग चप्पल घालून पान घेऊन तडक दवाखान्यात गेले. तासाभराने आले. दुसरं इंजेक्शन तिथे नाही, पुण्याहून मागवावं लागेल, डॉक्टर बघतो म्हणालेत. हिचं रक्तही पुन्हा तपासणार आहेत. आठवा लागलाय.
निघताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, सासूबाईंचं रक्त तपासलं?"

८ फेब्रुवारी, रविवार
लॅबचा फॉर्म आणला. आईचं नाव, वय, पत्ता, सगळं भरलं. सही तेवढी तिची.
ती कणीक मळत होती. सगळं सांगितलं. माझा रिपोर्ट वाचायला मागितला नाही. हात थांबले नाहीत.
"म्हणजे मीच दिलं तुला."
म्हटलं, दिलं असं नाही, तुला तरी कुठे माहीत होतं. एक सुई टोचतील, बाकी काही नाही. औषधं आहेत आता.
"माझ्या हाताच्या पोळ्या सहा घरं खातात."
"पोळ्यांतून पसरत नाही, आई."
"कुठे लिहिलंय?"
दुकानातला तक्ता पिशवीत होता. काढून समोर धरला. रोग, कारण, पसरण्याचा मार्ग, सगळे रकाने. मीच टाईप केलेले. बीपुढे: रक्तातून, आईकडून बाळाला. जेवणातून नाही.
तिने पिठाचा हात न लावता तो लांबूनच पाहिला.
"हाच ना तो? चुकीचा छापलाय म्हणत होतास?"
मी म्हणालो, ती ओळ चुकीची आहे, हा रकाना बरोबर आहे.
"बरं," म्हणाली. फॉर्म पिठाच्या डब्याखाली सरकवला, पोळपाट घेतला.
कोपरा बाहेर दिसतोय. सही केलेली नाही. फेकलेलाही नाही.