तुलाराम सापडत नाही

१८ नोव्हेंबर, सोमवार
तुमसरच्या राइस मिलमध्ये आज कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून रुजू झालो! पगार बरा, खोली आवारातच, धानाचा हंगाम ऐन भरात. मालक यादोराव बोलायला गोड आहेत. रविवारी लेकीच्या नामकरणाला गावी, कोंढ्याला जाईन म्हटलं, तर लगेच हो म्हणाले. नाव अजून ठरलेलं नाही. शुभांगीला दहा आवडतात, मला एकही नाही.

काम सोपं दिसतंय. वजनकाटा, गेट, गोदाम, ऑफिस, चारही कॉम्प्युटरांची एकच रड: सर्व्हर ‘तुलाराम’ सापडत नाही. तुलाराम म्हणजे माझ्या आधीचा ऑपरेटर. इथे प्रत्येक यंत्रावर ते चालवणाऱ्याचं नाव रंगवतात. बॉयलर धर्मेंद्र, पॉलिशर गोलू. गंमतच आहे.

१९ नोव्हेंबर
केबल ठीक, स्विचचे दिवे ठीक, जुना सर्व्हर मात्र कायमचा गेलेला. नवा बसवला. नंबराने हाक मारली की ओ देतो, पण चारही कॉम्प्युटर अजून तुलारामलाच शोधतायत. झाडलोट करणाऱ्या ताराबाईंना विचारलं, हा तुलाराम गेला कुठे? गेटाबाहेर जाताना त्याला कोणी पाहिलं नाही म्हणाल्या. मग हळूच, "बाबू, आपलं नाव नोको देऊ त्याले."

मी हसलो. सर्व्हरच्या डब्यावर माझं नाव, ‘धम्मदीप’ रंगवलं, आतही तेच नाव दिलं, चारही ठिकाणी बदललं. लगेच सगळं सुरू. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

२१ नोव्हेंबर
लेकीसाठी चांदीचे वाळे आणायला निघालो. गेटच्या मशीनवर बोट ठेवलं, दार उघडेना. माझं नाव माणसांच्या यादीत नव्हतं. यंत्रांच्या यादीत होतं. चूक आहे, दुरुस्त करतो म्हटलं. चौकीदार नत्थू माझ्याकडे न बघता पडद्याला म्हणाला, "मिलची मशीन भाईर जात नाही. मालकाची चिठ्ठी लागते."

यादोरावांकडे चिठ्ठी मागितली. तेही टेबलावरच्या कॉम्प्युटरशीच बोलले. हंगामात सर्व्हर हलवता येत नाही म्हणाले.

२३ नोव्हेंबर
सर्व्हरचं नाव बदलत नाही. दहादा करून पाहिलं. मागच्या भिंतीवरून उडी मारली — पाय टेकले ते सर्व्हरच्या खोलीत. दोन दिवस भूक नाही. सकाळी ताराबाई माझ्या अंगावरची धूळ पुसून गेल्या. फार भीती वाटतेय.

२४, रविवार
शुभांगी गेटवर आली. लेक दुपट्यात. नत्थूनं सांगितलं, या नावाचा माणूस इथे नाही. तिनं माझ्या नावानं हाक मारली — मी ओ दिली, ओरडलो — काट्यावरचा पडदा नुसता लुकलुकला.
सर्व्हरची वायर उपसली. दिवे विझले. मी इथेच. तुलारामनंही हेच केलं असणार.
जाताना शुभांगीनं लेकीला नावानं चुचकारलं. काय नाव — ऐकू आलं नाही.

२५
नवी ऑपरेटर. हर्षा. हसतमुख.
चारही पडद्यांवर — सर्व्हर ‘धम्मदीप’ सापडत नाही.
जुन्या डब्यामागे कोणी तरी रडतंय. तुलाराम.
तिनं नवा सर्व्हर बसवला. ताराबाई काही सांगतायत — ती हसली — ब्रश रंगात —
हर्षा, नको. तिच्या कानाशी ओरडतोय. हात धरतोय तिचा —
‘ह’ झाला. आता र्