मोज्यात जपलेल्या चांदण्या

रीटे, तू पाठवलेल्या प्लॅस्टिकच्या चांदण्या अंधारात चमकत नाहीत. दोन वर्षं जपल्या, आणि गरज पडली त्या दिवशी डब्यातून काढल्या तर निव्वळ कोळसा. पाकिटावर लिहिलंय, अंधारात चमकतात. मग त्या दिवशी आमच्या घरात काय होतं, ऊन?

असो, आता रीतीचं लिहिते. धाकट्या बहिणीला थोरल्या अर्सुलाचा आशीर्वाद. तिकडे अल्बर्टात तू बरी असशील, गुडघे नेहमीसारखे कुरकुरत असतील, त्यांना माझा नमस्कार सांग. तुझ्या नवऱ्याची, क्लेमची, चौकशी करत नाही, कारण माझ्या नवऱ्याची, लिओची, मनाई आहे. (अकरा वर्षं झाली. सासऱ्यांच्या बोटीवरच्या एका पितळी कंदिलावरून दोन सख्खे भाऊ बोलत नाहीत. तो कंदील तुमच्याकडे, जिथून समुद्र हजार मैल लांब आहे. त्यात काय ठेवता, कांदे?) मी तिसरीतून शाळा सोडून मासळी वाळवायला गेले, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

गेल्या मंगळवारी सकाळपासून पाऊस पडता पडता गोठत होता. आपल्या बाजूला हे दर हिवाळ्याचंच, पण एवढं मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तारांवर मनगटाएवढा बर्फ, दाराची कडी काचेची, आणि कुंपणावरचा कावळा पाय घसरून पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. साडेचारला खाडीपलीकडे निळा जाळ दिसला आणि गावची वीज गेली. फोन त्याआधीच मेला होता. लिओचं ऑक्सिजनचं मशीन एकदा किंचाळलं आणि गप्प बसलं. मशीन गप्प झालं की घरात म्हाताऱ्याचा श्वास ऐकू यायला लागतो, आणि तो ऐकण्यासारखा नाही.

अशा वेळेसाठी सिलिंडर दिलेलं आहे. भरलेलं असेल तर चार तास चालतं. काटा पाहिला तर अर्ध्याच्या खाली. शनिवारी पत्ते खेळायला जाताना हा माणूस ते घेऊन गेला होता, आणि मला सांगितलं नाही, का, तर मी बोलेन. (बोललेच असते.) म्हणजे हातात जेमतेम दीड तास. चर्चच्या हॉलवर जनरेटर आहे, तिथे मशीन लावता येतं, एवढं मला ठाऊक होतं. हॉल आपल्या घरापासून दोनशे पावलं. पण धक्क्याजवळचं ते वळण आठवतं ना? तू होतीस तेव्हा तिथे कठडा होता. शरदातल्या वादळात तो गेला, आता नुसते गुडघाभर उंचीचे खुंट उरलेत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि मधली वाट आरशासारखी.

घरात बॅटऱ्या पाच. पहिलीतले सेल फुगून आतच चिकटलेले. दुसरीतले लिओने टीव्हीच्या रिमोटला लावलेले. तिसरी आणि चौथीचे सेल मी टिकावेत म्हणून फ्रीजरमध्ये कॉडच्या तुकड्यांशेजारी ठेवले होते (आईच ठेवायची, आणि तूही ठेवतेस, मला माहीत आहे), त्यांना माशाचा वास होता, जीव नव्हता. पाचवी लागली, पण उजेड आजारी माणसाच्या लघवीसारखा पिवळा. पाव तास चालली तर चालली.

तेव्हा तुझं पाकीट आठवलं. लिओ जिन्यावरून पडला तेव्हा पायऱ्यांना लावायला म्हणून तू चाळीस चांदण्या पाठवल्या होत्यास (आणि सहा डायनासोर, शहात्तराव्या वर्षी मला डायनासोर). एवढ्या चांगल्या वस्तू पायऱ्यांवर तुडवायच्या कशाला, म्हणून मी त्या काळ्या मोज्यात घातल्या, मोजा पिठाच्या डब्यात, डबा कपाटात. उजेड बाहेर सांडू नये, अडीअडचणीला पुरावा. काढल्या तर एकही दिसेना. मी तुला तिथल्या तिथे जे म्हटलं ते लिहीत नाही, टपालात कुणी उघडून वाचेल.

आणि मग खिडकीकडे लक्ष गेलं. आईची ती प्लॅस्टिकची जपमाळ खिळ्याला टांगलेली, अंधारात हिरवीगार चमकत होती. तिच्याखाली लिओचे माकूळ मासे धरायचे दोन चमकते गळ, तेही हिरवे. तिघं दिवसभर खिडकीत होते. मोज्यातल्या चांदण्या दोन वर्षं काळोख खात होत्या. तिसरी शिकलेल्या बाईलाही एवढं कळतं, उशिरा का होईना.

आता सांग, काय करायचं? बॅटरी एक, पाव तासाची. ती वाटेसाठी राखायची, की चांदण्यांना पाजायची? वाटेवर ती वळणापर्यंतच पुरली असती, आणि नेमकी वळणावर विझली असती. मी मोठं पातेलं घेतलं, रविवारच्या जेवणाचं, आतून घासून चकचकीत केलेलं. त्यात तळाला आणि कडेला चांदण्या मांडल्या, मधे बॅटरी पेटवून उभी केली आणि वर झाकण. दहा मिनिटं शिजवल्या. वेळ मोजायला घड्याळ दिसेना, म्हणून नमो मरियेची प्रार्थना मोजून म्हणत बसले, आणि पलीकडे म्हातारा श्वास ओढत विचारतोय की स्वयंपाक आत्ता कशाला काढलास.

झाकण उघडलं तेव्हा पातेल्यात आकाश होतं. कौतुक करत नाही, होतं ते सांगते.

लिओला मासळी ओढायच्या त्या जुन्या घसरगाडीवर बसवला, तीन गोधड्यांत गुंडाळून. मांडीवर मशीन, पायांत सिलिंडर, गळ्यात जपमाळ, म्हणजे मागून तरी कळेल तो कुठे आहे. मी बुटांवरून लोकरी मोजे चढवले आणि दोर कमरेला बांधून गाडीच्या मागे राहिले, कारण उतारावर ओढायचं नसतं, धरायचं असतं. सत्तर पावलांना आमचा शेजारी गस राहतो, त्याच्या फाटकाच्या खांबापर्यंत आलो. गस हॉलवर होता, जनरेटरजवळ. हाका मारल्या, वाऱ्याने माझ्याच तोंडात परत घातल्या. काटा लाल पट्टीला टेकला होता. मी गाडी खांबाला बांधली, लिओला बजावलं की एक शब्द बोलायचा नाही, श्वास पुरवून वापर, आणि पुढे झाले.

बॅटरीत उरलेला जीव वळणासाठी राखला होता, ती तिथे पेटवली आणि चार पायांवर गेले. पुढे झाडूच्या दांड्याने चाचपायचं, खुंट लागला की त्यावर काकवी फासायची (डिंक बर्फाला धरत नाही, काकवी थंडीत सिमेंट होते) आणि चांदणी दाबायची. अकरा खुंट. सातव्याला बॅटरी गेली. आठव्याला दांडा खुंटाऐवजी हवेत गेला, आणि उजवा गुडघा त्याच्यामागून. खाली पाणी खडकावर आपटत होतं. मी पोटावर पडून राहिले आणि सातव्या खुंटाची चांदणी पाहिली. मग तिच्याकडे सरकले. पुन्हा आठवा खुंट शोधला. राहिलेल्या चारही खुंटांना लावल्या, आणि त्या हिरव्या रांगेवरून मागे आले.

मागे आले तर म्हातारा बोलला. बजावूनही बोलला. काय, ते इथे लिहीत नाही.

मग रांग उजवीकडे ठेवून गाडी उतरवली. एकदा मागचा भाग घसरून डायनासोरच्या अंगावर गेला (तो एका खुंटावर होता, मी डायनासोरही सोडले नव्हते), दोराने माझी कंबर आवळली, पण गाडी थांबली. हॉलच्या दारात गसने विचारलं, हे काय घेऊन आलीस, अर्सुला, आणि मी म्हटलं, "नवरा आहे, प्लग लाव." लावला. मशीन सुरू झालं तेव्हा काटा शून्यावर होता. त्यानंतर वाटाण्याचं सूप मिळालं, त्यात मीठ नव्हतं.

तर सांगायचं एवढंच, की वस्तू पाठवताना ती कशी वापरायची ते लिहून पाठवत जा.

तुझी बहीण,
अर्सुला

ता.क. सकाळी गसच्या कुत्र्याने काकवीसकट तीन चांदण्या खाल्ल्या. बरा आहे. अजून चमकत नाही.

ता.क. दुसरा. आणखी दोन पाकिटं पाठव. डायनासोर चालतील.

ता.क. तिसरा. लिओ काय बोलला ते. त्याने वळणावर बॅटरी विझलेली पाहिली, आणि मी गेले समुद्रात असं धरून चालला. मी परत आले तेव्हा तो म्हणाला, "कंदील क्लेमचाच होता. बाबांनी माझ्यासमोर त्याला दिला. मी खोटं बोललो." एवढा श्वास त्याने त्यावर घालवला. हॉलवर गरम झाल्यावर मी विचारलं, तर म्हणतो, असं काही बोललोच नाही. पण रात्री दोनदा विचारलं, अल्बर्टाला पत्र किती दिवसांत जातं.

तेव्हा उत्तर तू लिहायचं नाहीस, रीटे. क्लेमने लिहायचं, स्वतःच्या हाताने, लिओच्या नावाने, मोठ्या अक्षरात, आणि या महिन्यात. श्वासाचा काटा मी पाहिलाय, क्लेमने पाहिलेला नाही.